देवावर हवाला आणि रोजचे निर्णय : वसईतील अनुभव

ख्रिस्ती श्रद्धेत देवाच्या मार्गदर्शनावर भरवसा ठेवणे म्हणजे परमेश्वराला माणसाच्या रोजच्या निवडींचीही काळजी आहे आणि प्रार्थना, पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभा व भोवतालची माणसे यांच्याद्वारे तो दिशा दाखवतो, असे मनापासून मानून निर्णय घेणे होय. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही व्याख्या सोपी वाटते. परंतु ज्या वसई-विरार पट्ट्यात एका पिढीच्या हयातीत केळीच्या वाडीला खेटून सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, पाणी साठवणारी व मुरवणारी बावखळे बुजवली गेली आणि कितीतरी घरांतली मुले परदेशी गेली, तेथे हा भरवसा सतत कसाला लागतो. प्रस्तुत लेखातील निरीक्षणे एका धर्मग्रामातील दीर्घकाळच्या सेवाकार्यातून आलेली आहेत. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या छत्राखाली येणारी वस्ती, आणि त्यातील लघु ख्रिस्ती समूह म्हणजे ठरावीक दिवशी एकमेकांच्या घरी जमून बायबल वाचणारी शेजारची कुटुंबे. या समूहांत, विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत आणि आजाऱ्यांच्या घरभेटींत प्रस्तुत लेखकाने जे पाहिले व ऐकले, ते येथे माणसांची ओळख पुसून मांडले आहे. प्रसंगांचा क्रम कालानुसार लावलेला नाही, कारण एकच प्रश्न निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या घरांत पुन्हा पुन्हा समोर आला.

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकून घेतला. या दोनशे वर्षांत जो ख्रिस्ती समाज येथे घडला, तो राज्यकर्ते गेल्यावरही टिकला. सामवेदी किंवा कुपारी, वाडवळ आणि कोळी या समाजगटांनी धर्म स्वीकारला तरी आपापली बोली, शेती आणि मासेमारी सोडली नाही, आणि म्हणून २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून जो स्वतंत्र वसई धर्मप्रांत निघाला, त्याची उपासना मुख्यतः मराठीत चालते व त्याची जुनी श्रद्धा मातीला आणि भरती-ओहोटीला बांधलेली आहे. पानवेल, केळी, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या माणसांना देवावर विसंबणे शिकवावे लागत नव्हते, कारण पाऊस, विहिरीचे पाणी आणि वारा यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते.

आगाशीच्या परिसरात सुकेळी करणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचे काम जवळून पाहण्याचा योग या सेवाकार्यात आला. सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेला टिकाऊ मेवा. सोललेले केळे एकदा उन्हात पसरले की पुढचे काही दिवस आभाळ साथ देईल यावर सगळा माल अवलंबून असतो, आणि मधेच ढग आले तर केळ्याला बुरशी धरते. ही स्त्री पहाटे अंगणात उभी राहून आधी आभाळ पाही, मग वाऱ्याची दिशा पाही, शेजारणीला विचारी आणि त्यानंतर कपाळावर क्रुसाची खूण करून सोलायला बसे. दिवसभरात ती केळी एकेक करून उलटी, संध्याकाळी दव पडण्याआधी सगळा माल गोळा करून आत नेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरी. तिच्या प्रार्थनेत ऊन पडावे अशी विनंती असे, पण आभाळ पाहणे तिने त्या विनंतीवर कधी सोडले नाही. पुढे ज्या अनेक चर्चा झाल्या, त्यांतील कोणत्याही व्याख्यानापेक्षा ईश्वरी मार्गदर्शनाची अधिक अचूक मांडणी या अंगणात दिसली होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अडचण अशी की वसईतील आजचे निर्णय सुकेळीसारखे राहिलेले नाहीत. पाऊस येणे न येणे माणसाच्या हाती नव्हते, परंतु जमिनीच्या कागदावर सही करणे न करणे त्याच्या हाती आहे; आणि जी श्रद्धा हाताबाहेरच्या गोष्टी सोसण्यासाठी पिढ्यानपिढ्या तयार झाली, तिला आता हातातल्या गोष्टी ठरवण्यासाठी वापरावे लागते. हा बदल पुरेसा ओळखला गेलेला नाही. घरभेटींत माणसे देव आहे की नाही असा प्रश्न फारसा विचारत नाहीत. वाडी विकावी का, मुलाला कॅनडाला पाठवण्यासाठी कर्ज काढावे का, शस्त्रक्रिया करावी की थांबावे, मुलीने धर्मभगिनी व्हायचे ठरवले आहे तर तिला अडवावे का, हे त्यांचे प्रश्न असतात. शिवाय बहुतेक माणसे निर्णय मनात पक्का करून मगच देवाची इच्छा काय असावी हे विचारायला येतात.

या बाबतीत जमिनीचा विषय सर्वांत बोलका आहे. एका घरात तीन भावांच्या सामाईक वाडीसाठी बांधकाम व्यावसायिकाचा निरोप नेमका नोव्हेनाच्या शेवटच्या दिवशी आला. नोव्हेना म्हणजे एखाद्या हेतूसाठी सलग नऊ दिवस किंवा नऊ आठवडे केलेली प्रार्थना. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या नोव्हेनाला वसईची माणसे लोकलने जातात, तशीच याही घरातील थोरला भाऊ जात असे. त्याने हेतू ठेवला होता तो कर्जातून सुटण्याचा, आणि नवव्या बुधवारी गिऱ्हाईक दारात आल्यावर त्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर काय हवे होते? “देवानेच माणूस पाठवलाय,” एवढे एकच वाक्य तो सर्वांना सांगत असे. विसारपावती झाली, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम घेऊन कागद केला गेला, आणि सासरी गेलेल्या दोन बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेण्यात आल्या. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे, हे त्या घरात कोणी मोठ्याने म्हटले नाही. कर्ज फिटले, पण पुढची अनेक वर्षे त्या बहिणी माहेरच्या सणाला आल्या नाहीत.

या प्रसंगाकडे केवळ लोभाची कथा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण थोरल्या भावाची श्रद्धा खरी होती आणि कर्जही खरे होते. प्रश्न इतकाच होता की मिळालेले उत्तर त्याच्या इच्छेशी तंतोतंत जुळत होते आणि म्हणून ते तपासावे असे त्याला वाटलेच नाही. अशी कितीतरी घरे पाहिल्यावर एक कसोटी हळूहळू स्पष्ट होत गेली: ज्या मार्गदर्शनाने माणसाला जे आधीपासून हवे होते तेच मिळते आणि ज्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते, ते मार्गदर्शन देवाचे आहे असे म्हणण्याआधी थांबले पाहिजे. बायबलमध्ये ज्यांना देवाने बोलावले त्यांच्यापैकी मोशेपासून योनापर्यंत कितीतरी जणांनी आधी नकार दिला, सबबी सांगितल्या किंवा पळ काढला, ही गोष्ट वसईच्या जमीनव्यवहारांच्या संदर्भात नव्याने वाचण्यासारखी आहे.

दुसऱ्या एका घरात नेमके उलटे घडले. तेथेही प्रस्ताव चांगला होता आणि पैशाची गरज होती. परंतु विधवा आईने लघु समूहाच्या बैठकीत सर्वांसमोर विषय काढला आणि उपवासकाळ संपेपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीचे प्रायश्चित्ताचे चाळीस दिवस सरेपर्यंत, कोणीही कागदाला हात लावू नये असे सांगितले. त्या काळात रोज संध्याकाळी घरातल्या वेदीसमोर जपमाळ झाल्यावर एकेकाने आपले मत मांडायचे आणि इतरांनी मध्ये न बोलता ऐकायचे, असा नेम तिने घातला. धाकट्या सुनेने बावखळाचा मुद्दा काढला, कारण त्या तळ्यावर शेजारच्या चार विहिरींचे पाणी अवलंबून होते. अविवाहित मुलीने आपल्या वाट्याबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडले. थोरल्या मुलाने आपण व्यवसायात बुडालेली रक्कम लपवली होती ती सांगितली. अखेरीस त्यांनी वाडीचा रस्त्यालगतचा तुकडा विकला, बावखळ ठेवले आणि मुलीचा वाटा तिच्या नावे केला. या निर्णयाने त्यांना जास्तीत जास्त पैसा मिळाला नाही. पण त्या चाळीस दिवसांत त्या घराला जे कळले, ते देवाने सांगितले असे आई म्हणत असे, आणि तिचे म्हणणे नाकारण्यासारखे काही प्रस्तुत लेखकाला दिसले नाही.

या पद्धतीला ख्रिस्ती आध्यात्मिक परंपरेत मोठा आधार आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराच्या लक्षात आले की काही विचार मनात असेपर्यंत गोड वाटतात आणि नंतर मन कोरडे करून जातात, तर काही विचारांची शांती ते विचार संपल्यावरही टिकते. या निरीक्षणातून त्यांनी जी साधना बांधली, ती ‘आध्यात्मिक साधना’ या नावाने १५४८ मध्ये ग्रंथरूपात छापली गेली आणि तिचा गाभा म्हणजे मनातील प्रेरणांची पारख. टिकणाऱ्या शांतीच्या अवस्थेला तेथे सांत्वन म्हटले जाते आणि उदासी, घाई व गोंधळ यांनी भरलेल्या अवस्थेला शुष्कता. शुष्कतेच्या काळात आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये, हा त्यातील एक महत्त्वाचा नियम आहे. इग्नेशियस यांचे निकटचे सहकारी फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेले होते, तरीही ही साधना येथे दीर्घकाळ धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यापुरतीच राहिली, ही खेदाची गोष्ट आहे. विवाहपूर्व वर्गांत हा एक नियम सोप्या भाषेत सांगितला की तरुण मंडळी सावध होऊन ऐकतात, कारण भांडणानंतरच्या रात्री लग्न मोडण्याचा आणि नोकरी गेल्याच्या आठवड्यात परदेशी निघून जाण्याचा विचार त्यांच्यापैकी अनेकांनी केलेला असतो.

वसईचा स्वतःचा संत या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे, आणि त्याचा उत्सव साजरा करताना ही बाजू क्वचितच सांगितली जाते. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया लहानपणी येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि धर्मप्रसाराच्या कामात मदतनीस म्हणून बरीच वर्षे राबले. परंतु त्या संघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. तेव्हा ते व्यापारात उतरले आणि त्यात त्यांचा जम बसला. पुढे मनिला येथे फ्रान्सिसकन संघाने त्यांना व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारले, आणि १५९३ मध्ये जपानला जाणाऱ्या फ्रान्सिसकन मंडळीला जेव्हा दुभाष्याची गरज पडली, तेव्हा नकाराच्या आणि व्यापाराच्या वर्षांत कमावलेली जपानी भाषा हीच त्यांची पात्रता ठरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत मानले जातात. ज्या तरुणाने एका संघाचा नकार पचवला त्याला त्या दिवशी देवाची योजना दिसली असेल असे मानण्याचे काही कारण नाही. त्याने फक्त पुढचे काम प्रामाणिकपणे केले. धर्मगुरू होण्यासाठी गेलेला आणि दोन वर्षांनी परत आलेला एखादा मुलगा वसईच्या घरात अजूनही मान खाली घालून वावरतो, नातेवाईक हळू आवाजात त्याच्याविषयी बोलतात. पाचारण, म्हणजे विशिष्ट जीवनमार्गासाठी देवाने दिलेली हाक, एकाच दिशेने असते असा समज त्यामागे आहे. अशा मुलांना आणि विशेषतः त्यांच्या आयांना गोन्सालो यांची ही वर्षे सांगितली की घरातले वातावरण बदलते, असा अनुभव आहे.

चिन्हे मागण्याची सवय ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन म्हणजे उत्तर मानायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, अमुक दिवसापर्यंत फोन आला तर हो म्हणायचे, असे प्रकार सुशिक्षित घरांतही चालतात आणि त्यांच्या समर्थनार्थ गिदोनाच्या लोकरीची कथा सांगितली जाते. शास्ते या पुस्तकातील तो गिदोन भ्यालेला माणूस होता आणि देवाने त्याच्या भीतीची कदर केली, एवढेच त्या कथेतून निघते. याउलट मत्तयच्या शुभवर्तमानात मंदिराच्या कळसावरून उडी मार, देवदूत तुला झेलतील असे सैतान सुचवतो, तेव्हा येशू ती गोष्ट नाकारतो, आणि देवावरील भरवसा व देवाची परीक्षा यांतील रेषा तेथेच आखली जाते.

पाचूबंदर, अर्नाळा आणि नायगावच्या कोळ्यांना ही रेषा पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. होडीवर क्रूस असतो आणि हंगामाच्या सुरुवातीला धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. तरीही १ जून ते ३१ जुलै या शासकीय बंदीच्या काळात आणि हवामान खात्याचा इशारा आल्यावर होडी किनाऱ्याला बांधून ठेवणे हे अश्रद्धेचे लक्षण आहे असे तेथील कोणी शहाणा नाखवा मानत नाही. आजारपणात मात्र हे शहाणपण पुष्कळदा सुटते. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून केवळ प्रार्थनेवर राहिलेली एक प्रौढ स्त्री पाय काढण्याच्या अवस्थेला आली, तेव्हा तिला ज्यांनी हा सल्ला दिला होता ते तिला भेटायलाही गेले नाहीत. कॅथॉलिक बायबलात समाविष्ट असलेल्या बेन सिराच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा सन्मान करण्याचा आणि औषध ही देवाचीच देणगी मानण्याचा स्पष्ट उपदेश आहे. आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाणाऱ्या प्रत्येक गटाने हा अध्याय आधी वाचावा.

देवावर विसंबणारी माणसे व्यवहारात ढिली असतात, हा समज महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासाने खोटा ठरवला आहे. वसईचे शेतकरी सावकारीच्या विळख्यात होते तेव्हा, १९१८ साली, धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने येथे सहकारी पतसंस्था निघाली आणि तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला मदत करणाऱ्या अमेरिकेतील संस्थेची दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपली, आणि त्या वेळी दुष्काळी मुलखातून आणलेल्या शेकडो मुली त्यांच्या आश्रयाला होत्या. इंग्लंडमधील जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडे पैसा न मागता केवळ प्रार्थनेच्या आधारे अनाथालये चालवली, त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनीही तोच मार्ग धरला. पण त्याच केडगावात त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींना उद्योग शिकवले आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर मरेपर्यंत तपासले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८८ पासून हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी जो लढा उभारला, त्यातही प्रार्थना आणि मोर्चा यांची फारकत नव्हती. ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादकपदाच्या प्रदीर्घ काळात त्यांनी श्रद्धेला सार्वजनिक जीवनापासून तोडू दिले नाही, आणि त्यामुळे अनेक घरांत जमीन हा विषय पहिल्यांदाच श्रद्धेचा विषय झाला.

तरीही एक दुसरी बाजू आहे आणि तिची मांडणी लक्ष्मीबाई टिळकांइतकी निर्भयपणे मराठीत कोणी केलेली नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक उद्याची चिंता न करता हातातले देऊन टाकत, आणि त्यांच्या या भरवशाचा रोजचा खर्च संसार सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंना उचलावा लागे. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांचे मोठेपण दिसते आणि त्याचबरोबर चुलीपुढे बसलेल्या बाईची कोंडीही दिसते. वसईतही एका गृहस्थाने देवाने सांगितले म्हणून चांगली नोकरी सोडली आणि पूर्णवेळ प्रार्थनासभा घेऊ लागला. त्याची पत्नी पहाटेच्या लोकलने भाजीच्या पाट्या दादरला नेऊन घर चालवत होती, आणि तिला कोणी साक्ष द्यायला व्यासपीठावर बोलावले नाही. एका माणसाला मिळालेले मार्गदर्शन जर त्याच्या घरातील कोणालाच पटत नसेल, तर त्याने ते आणखी काही काळ आपल्याजवळ ठेवावे. देवाला घाई नसते, हे अशा वेळी लक्षात ठेवले पाहिजे. पुढे त्या पत्नीने धर्मगुरूंसमोर आपली बाजू मांडली, गृहस्थाने अर्धवेळ काम धरले आणि सभाही चालू राहिल्या. हा बदल घडवून आणणारी ती बाई त्या दोघांमधली अधिक श्रद्धावान होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

भरवसा ठेवूनही जेथे हानीच पदरी येते, तेथे या सेवाकार्याची खरी परीक्षा झाली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळच्या समुद्रातून वर सरकले आणि वसईच्या पट्ट्यातील केळीच्या बागा आडव्या झाल्या. करोनाच्या टाळेबंदीत बाजार बंद असल्यामुळे आधीच खचलेल्या शेतकऱ्यांचे उरलेसुरले पीकही गेले. त्याच काळात एका घरातील तरुण मुलगी गेली, जिच्यासाठी सगळ्या गावाने जपमाळ केली होती. अशा घरात देवाची योजना समजावून सांगणारा माणूस कितीही विद्वान असो, त्याचे शब्द जखमेवर पडतात. ईयोबाच्या पुस्तकातही मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर त्यांचे बरे चालले होते, आणि बोलू लागल्यावर शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला, ही गोष्ट सर्व स्वयंसेवकांना सांगितली पाहिजे. त्या घरात पहिले काही दिवस शेजारणींनी चूल पेटू दिली नाही, आळीपाळीने जेवण आणले, रात्री कोणी ना कोणी आईजवळ झोपले. बऱ्याच काळाने त्या आईने सांगितले की तिला त्या दिवसांतली एकही प्रार्थना आठवत नाही, पण भाकरी कोणी आणली होती ते आठवते. देव तिच्याशी बोलला की नाही, याचे उत्तर तिने दिले नाही आणि ते तिला कोणी विचारलेही नाही. मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या एका घरी तशीच वेळ आली, तेव्हा भाकरी घेऊन सर्वांत आधी तीच गेली.

या साऱ्या अनुभवांनंतर प्रस्तुत लेखकाचे मत असे झाले आहे की देवाचे मार्गदर्शन सहसा भविष्य सांगत नाही. ते माणसाला पुढच्या एका कामापुरते स्पष्ट करते आणि त्या कामात इतरांना सामील करून घ्यायला लावते. ज्याने विचारायचे टाळले त्याला ते बहुधा मिळत नाही. प्रार्थना एकट्याने करता येते, पारख मात्र एकट्याने होत नाही, आणि म्हणूनच ख्रिस्तसभा आवश्यक आहे. वसईच्या सामाजिक रचनेत याची सोय पूर्वीपासून होती: आळीतील वडीलधारी माणसे, धर्मपिता-धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाची आध्यात्मिक जबाबदारी घेणारी माणसे, आणि रोज संध्याकाळची जपमाळ यांमुळे घरातला प्रश्न घराबाहेरच्या दोन-चार कानांवर आपोआप जाई. इमारतींतील स्वतंत्र सदनिकांत ही सोय राहिलेली नाही. ती नव्याने करावी लागेल, आणि लघु ख्रिस्ती समूहांचे काम नुसते बायबल वाचून चहा घेण्यापुरते राहिले तर ती होणार नाही.

म्हणून धर्मग्रामांना एक सूचना करावीशी वाटते. विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत संस्कार, आरोग्य आणि कुटुंबनियोजन यांवर व्याख्याने होतात, तसाच एक तास जमीन, वारसाहक्क आणि कर्ज यांसाठी ठेवावा व तेथे वकिलाबरोबर धर्मगुरूही बसावेत, कारण वसईतील नव्या जोडप्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आध्यात्मिक निर्णय पुष्कळदा याच विषयाचा असणार आहे. आणि ज्या घरात येत्या काही महिन्यांत विसारपावती होणार असेल, त्या घराने सही करण्याआधी एका संध्याकाळी जपमाळेनंतर तो कागद घरातील सर्वांसमोर, सासरी गेलेल्या मुलींना बोलावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे.